पाचशे दहा रुपये वाचले, पण शेंगदाणे राहिले

प्रश्न थोडक्यात असा: वाचक ३४ वर्षांच्या, राहणार कोल्हापूर. घरी नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. मिस्टर शिरोली एमआयडीसीत नोकरीला. धाकटा झाल्यावर यांनी अकाउंट्सची नोकरी सोडली, त्याला आता चार वर्षं झाली. वर्षभरापूर्वी मोबाइलवर अमेरिकेतल्या बायकांचे व्हिडिओ बघण्यात आले. ढकलगाडी भरून किराणा, काउंटरवर कूपनांचा गठ्ठा आणि बिल नावापुरतं. तेव्हापासून ॲपवरचे कोड, मॉलमधलं ‘एकावर एक फुकट’, बँकेच्या कार्डावरची सूट, पैसे भरल्यावर मिळणारी स्क्रॅच कार्डं, पेपरातून पडणारी पत्रकं, सगळ्यावर यांची नजर असते. रोजचा दीड तास त्यात जातो. एक वही केली आहे आणि तिच्यातल्या ‘वाचले’ या रकान्याची वर्षाची बेरीज २१,६४० रुपये झाली आहे.

सासूबाईंना हे पसंत नाही. गल्लीतल्या ज्या दुकानात तीस वर्षं खातं आहे तिथूनच सामान यावं, असं त्यांचं म्हणणं. “स्वस्तातलं म्हणून आणत्यात, ठेवायला जागा न्हाई,” असं त्या शेजारणींसमोर बोलतात. दुकानदार काका हल्ली तुटक वागतात. नवरा हसून म्हणतो, “आमच्या हिचा धंदा जोरात हाय.” वाचक विचारतात, “सासूबाईंना कसं पटवू? मी घरात पैसा आणत नाही, निदान वाचवते तरी. तेवढंही कुणाला दिसू नये?” पत्रासोबत नमुना म्हणून परवाच्या एका बिलाचा फोटो आहे.

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि बिल चारदा. बिल जास्त बोलकं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

त्याआधी एक बारीकशी गोष्ट. तुमच्या पत्रात ‘वाचले’ हा शब्द अकरा वेळा आलाय, मोजला मी. ‘खर्च’ एकदाही नाही. अकाउंट्समध्ये काम केलेल्या बाईच्या पत्रात असं व्हावं याचं नवल वाटलं. किराण्यावर महिन्याला एकूण किती जातात आणि हा उद्योग सुरू व्हायच्या आधी किती जात होते, हे दोन आकडे तुम्ही कुठेच दिलेले नाहीत. एकवीस हजार सहाशे चाळीस रुपये खरंच वाचले असतील तर ते आज कुठेतरी असायला हवेत. बँकेत, पोस्टात, भिशीत, नाहीतर तांदळाच्या डब्यात. आहेत का? टोमणा नाही हं हा. बघून या आणि मग पुढे वाचा.

आता बिल. छापील किमतींची बेरीज २,२४८. तुम्ही भरले १,७३८. खाली जाड अक्षरात, ‘आज तुम्ही ५१० रुपये वाचवलेत!’

हे ५१० कुठल्या भावापासून मोजले? एमआरपीपासून. एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त विक्री किंमत. तिच्यावर एक रुपया घेता येत नाही, खाली मात्र दुकानदार हवा तेवढा उतरू शकतो. तूरडाळीच्या पाकिटावर १९५ छापलंय, पण १९५ ला ती डाळ कोल्हापुरात कोण घेतं? तेव्हा तिथून मोजलेली बचत म्हणजे पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर न बघता रंकाळा तलावाच्या पायरीवरून सांगण्यातला प्रकार. मोजायचं ते एरवी आपण जिथून आणतो तिथल्या भावापासून.

म्हणून मी तुमचं बिल घेऊन आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदाराला वाटलं तक्रार घेऊन आलेय. दोन पिशव्या सूर्यफूल तेलाचे तुम्ही ३०४ दिलेत, तो ३१० सांगतो. सहा रुपये वाचले. तूरडाळ तुम्ही पाकिटातली आणलीत १४९ ला, इथे सुटी १३८. म्हणजे अकरा जादा गेले. अर्धा किलो चहा २८५, इथे ३१०. पंचवीस वाचले. चार किलो धुण्याची पावडर ४८०, इथे ५४०. साठ वाचले, आणि पावडर लागतेच, नासत नाही, तिला किडे होत नाहीत. या खरेदीला माझी शाबासकी. चार जिनसांचे तुम्ही १,२१८ दिलेत, इथे १,२९८ पडले असते. बचत ८० रुपये.

राहिले तीन जिन्नस. फरशी पुसायचं लिक्विड, एकावर एक फुकट, २१९. ओट्स १७६. केचप १२५. मिळून ५२०. बिलावरच्या ५१० पैकी ३०३ रुपयांची ‘बचत’ या तिघांचीच आहे. आणि तुम्हीच लिहिलंय की लिक्विडच्या सात बाटल्या आधीच मोरीत उभ्या आहेत आणि ओट्सला मुलं तोंड लावत नाहीत. ऐंशी रुपये वाचवायच्या फेरीत पाचशे वीस गेले, रिक्षाचे वेगळेच.

पुढची गंमत तुमच्या लक्षात आली का बघा. पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिता, “परवा शेंगदाणे संपले म्हणून गेले होते.” मी बिल वरून खाली आणि खालून वर पाहिलं. शेंगदाणे नाहीत! त्यावर ऑफर नसणार.

मी हसतेय खरी, पण मला तो अधिकार नाही. एकदा दिवाळीच्या तोंडावर मी ‘दोनवर एक’ म्हणून सहा किलो रवा आणला होता. घरात माणसं दोन. लाडू झाले, शिरा झाला, उरलेला डब्यात राहिला. पौषात झाकण उघडलं तर आत जाळी धरलेली. तरी टाकवेना. चाळला, खरपूस भाजला, उपमा केला. पहिल्या घासाला ह्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. बोलले काही नाहीत, तेच जास्त लागलं.

त्या अमेरिकी व्हिडिओंचं काय, असं तुम्ही विचाराल. ते सगळेच खोटे नसतात. कूपन ही तिकडची जुनी चाल आहे. १८८० च्या दशकाच्या अखेरीला अटलांटात कोका-कोलाने फुकट एक ग्लास मिळवायच्या चिठ्ठ्या वाटल्या, तेव्हापासूनची. तिथे कंपनी कूपन काढते, दुकानदार गिऱ्हाइकाला तेवढी रक्कम सोडतो आणि नंतर कंपनीकडून ती वसूल करतो, वर हाताळणीचे काही सेंटही घेतो. त्यावर दुकानाची स्वतःची सूट चढते. काही दुकानं पूर्वी कूपनची किंमत दुप्पट धरून द्यायची. असे थर चढत गेले की एखादी टूथपेस्ट जवळजवळ फुकट पडते. आपल्यासारखी छापील कमाल किंमत तिथे नसते, दुकान आपला भाव आपण ठरवतं. आपल्याकडे थर चढवायला जागा कमी. बहुतेक कोड ‘इतर सवलतींसोबत लागू नाही’ असं आधीच सांगून मोकळे होतात.

पण त्या बायकांच्या गाडीत काय असतं ते एकदा नीट बघा. शाम्पू, सीरिअल, डिटर्जंट, सॉस. भाजी जवळपास दिसत नाही. कारण कूपन चिकटतं ते ब्रँडला. ज्वारीला ब्रँड नाही, मेथीच्या जुडीला नाही, कपिलतीर्थ मंडईतल्या वांग्याला नाही. कोल्हापुरातल्या घराचा पैसा कुठे जातो ते सांगा बघू. दूध, भाजी, ज्वारी-तांदूळ, चटणी, रविवारचं मटण. यातल्या कशालाही कूपन मिळत नाही. (मटणाला निघालं तर आधी मला कळवा, मी रांगेत उभी राहते.) म्हणून कूपनामागे लागलं की स्वयंपाकघर हळूहळू कूपन असलेल्या वस्तूंकडे झुकतं. केचप आलं कारण त्यावर सूट होती, शेंगदाणे राहिले कारण नव्हती. चार रुपये कमी पडतात हे खरंच आहे, पण तुमची यादी दुसरंच कुणीतरी करायला लागतं, आणि त्या माणसाला तुमच्या घरात काय शिजतं ते माहीत नसतं.

सासूबाईंना ते माहीत आहे. ‘त्यांना कसं पटवू’ या प्रश्नाला म्हणूनच मी जरा अडखळले. त्या उन्हाळ्यात चटणी करतात, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, वैतागाच्या सुरात. आठ दिवस घरभर मिरचीचा खाट उठतो म्हणून. पण विचार करा, नवी मिरची बाजारात भरपूर असते तेव्हा बेडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला घ्यायची, देठ काढायचे, कडक ऊन द्यायचं, खोबरं-तीळ-धणे भाजायचे, कांदा-लसूण घालून डंकावरून कुटून आणायचं आणि पाऊस पडायच्या आत बरणी भरायची. वर्षाची चटणी झाली. शंभर-शंभर ग्रॅमची मसाल्याची पुडी आणून त्यावर दहा टक्के सूट मिळवणाऱ्याला हा हिशेब कधी जमायचा नाही. गूळ गुऱ्हाळं चालू असताना घ्यायचा, घनसाळ नाहीतर इंद्रायणी तांदूळ सुगीनंतर घ्यायचा, नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते म्हणून डाळ तेव्हा भरायची. जुन्या बायका याला बेगमी म्हणायच्या. तुम्ही ज्याच्या मागे वर्षभर धावताय ते तुमच्या घरात आधीपासून आहे, फक्त त्याची कुणी वही ठेवलेली नाही.

म्हणून पटवायला जाऊ नका. विचारायला जा. “आई, डाळ कधी भरायची ओ? तुमच्या वेळी कशी भरायचा?” असं विचारा आणि त्या सांगतील ते वहीत लिहा. त्यांच्या समोर लिहा.

सासूबाईंची सगळीच बाजू मी घेत नाहीये. तीस वर्षांच्या खात्याचा एक मोठा तोटा असतो, भाव विचारायची सवय जाते. महिन्याच्या शेवटी बेरीज ऐकायची आणि पैसे द्यायचे, कुठला जिन्नस काय भावाने लागला ते कुणी बघत नाही. तुमच्या बिलातली पावडर आणि चहा हेच सांगतात की ब्रँडेड मालात खात्यावर थोडे जादा जातात. हे तुम्ही शोधून काढलंत ते बरोबरच आहे. आणि शेजारणींसमोर सुनेचं हसं करणं चूकच. ते त्यांना सांगा, पण शेजारणी नसताना, आणि फक्त तेवढंच. त्यात तेलाचा भाव आणू नका.

दुकानदार काकांचा विषय मला जरा हळवा वाटतो, म्हणून दोन ओळी जास्त. ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्ही इथेच काढला असणार. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, ट्रक दोन्ही बाजूंना अडकलेले, शहरात दूध नाही, पेट्रोल नाही. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. आमच्या दुकानदाराने तेव्हा पोतं फोडून घरटी अर्धा-अर्धा किलो साखर वाटून दिली, त्याच भावाने, खात्यावर. कुणाच्याच हातात रोकड नव्हती, कारण एटीएमही बंद होती. हे कुठल्या बिलावर ‘वाचले’ म्हणून छापून येत नाही. याचा अर्थ आयुष्यभर त्याच्याकडून जादा भावाने घ्या असा नाही. सरळ त्याच्याकडे जा. “काका, ही पावडर मला तिकडे ४८० ला मिळाली. तुम्हाला काय परवडतं ते सांगा, महिन्याची एक पिशवी तुमच्याकडूनच नेते, रोख देते.” तो ४८० ला नाही उतरणार, मॉल गाडीभर माल उचलतं, त्याला तो भाव मिळत नाही. कदाचित ५१० म्हणेल. तीस रुपयांचा फरक तुम्हाला चालतो की नाही हे तुम्ही ठरवा. पण तुटक वागणं थांबेल, कारण त्याला दुखलंय ते तुम्ही न सांगता गेलात म्हणून. बहुतेक.

आता वहीचं. फेकू नका ती, फक्त ‘वाचले’ हा रकाना काढून टाका. तिथे भाव लिहा. घरात दर महिन्याला लागणारे बारा-पंधरा जिन्नस घ्या, एका पानावर एक जिन्नस, आणि तारीख, ठिकाण, वजन, किलोचा भाव एवढंच. लक्ष्मीपुरीच्या बाजारात काय, काकांकडे काय, मॉलमध्ये काय, ॲपवर काय. तीन महिन्यांत तुम्हाला दिसेल की शेंगदाणे-डाळी-रवा-पोहे एका ठिकाणी स्वस्त आणि साबण-पावडर-चहा दुसऱ्या ठिकाणी. मग कुठे काय घ्यायचं हे एकदाच ठरतं, रोज दीड तास लागत नाही.

किलोचा भाव काढताना गणित फार करावं लागत नाही. हल्ली पाकिटावर एककाचा भाव छापलेला असतो, एमआरपीच्या आसपास, मुंगीच्या अक्षरात. किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ग्रॅमचा भाव आणि जास्त वजनाच्या पाकिटावर किलोचा, म्हणून दोन्ही शेजारी ठेवले की गोंधळ होतो. ग्रॅमच्या भावाला हजाराने गुणा. मोठं पाकीट स्वस्तच असतं असं धरून चालू नका. शाम्पूची छोटी पुडी बाटलीपेक्षा स्वस्त पडते, असं माझ्या वहीत तरी अनेकदा निघालंय.

तेलाला मात्र थांबून बघा, कारण फसगत तिथेच मोठी होते. तेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरचा डबा १३ किलो ६५० ग्रॅमचा झाला, आणि शेजारचा १५ किलोचा डबा खरोखर १५ किलोचा. दोन्ही डबे लांबून सारखे दिसतात. लिटरचा डबा शंभर रुपयांनी स्वस्त म्हणून उचलला तर हातात सव्वा किलोपेक्षा जास्त तेल कमी येतं. पिशव्यांचंही तसंच आहे, लिटरपेक्षा कमी भरणारी पिशवी लिटरच्या पिशवीची जुळी बहीण वाटते. वजन वाचा, रंगीत चित्र नको.

सुटं घ्यावं की पाकीटबंद? डाळ, तांदूळ, पीठ पंचवीस किलोपर्यंतच्या पाकिटात, लेबल लावून आलं की त्यावर ५ टक्के जीएसटी लागू झाला तो १८ जुलै २०२२ पासून. सुट्यावर तो नाही. म्हणून तर बाजारात मुद्दाम सव्वीस किलोची तांदळाची पिशवी दिसते. सुट्यात खडे निघतात, निवडावं लागतं, हे खरं. तुमच्या घरी निवडणारं कुणी आहे का हे तुम्हाला माहीत. मी टीव्ही बघत निवडते.

कूपनं सोडा असं मी म्हणत नाही, पावडरीचे साठ रुपये मला अजून आठवतात. क्रम तेवढा उलटा करा. आधी घरी यादी, डबे उघडून. मग त्या यादीतल्या वस्तूंवर कुठे सूट आहे ते बघायचं, आणि तेही जे टिकतं त्यावरच. साबण, पावडर, टूथपेस्ट, चहा दोन महिन्यांचा भरून ठेवायला हरकत नाही. रवा, मैदा, ओट्स, बिस्किटं पावसाळ्यात तर नकोच. यादीत नसलेली वस्तू कितीही स्वस्त असली तरी वहीत ती ‘खर्च’ म्हणून लिहायची. ‘९९९ च्या वर मोफत घरपोच’ असं दिसलं आणि तुमची टोपली ७६० वर असली तर २३९ चं काहीतरी शोधत बसण्यापेक्षा काकांकडे चालत जा. आणि पैसे भरायच्या आधी शेवटचं पान वाचा. हाताळणी शुल्क, पॅकिंग शुल्क, न मागता आत येऊन बसलेली एखादी देणगी. ‘फक्त दोनच शिल्लक’, ‘चार मिनिटं उरली’ अशी खोटी घाई, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं, शुल्क शेवटपर्यंत लपवणं, अशा तेरा प्रकारच्या क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केलेली आहे. कुणी केलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तरी तिथेच.

स्क्रॅच कार्डांवर मी वेळ घालवणार नाही, तुम्हीही घालवू नका. मला शेवटचं मिळालं ते दाढीच्या क्रीमवर होतं. पण व्हॉट्सॲपवर ‘मोफत किराणा कूपन, लिंक दाबा’ असं आलं तर दाबायचं नाही, दहा जणांना पाठवायचं तर मुळीच नाही. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. हे सासूबाईंनाही सांगून ठेवा, त्यांच्या फोनवरही असलं येत असणार.

आता ज्या वाक्यासाठी तुम्ही पत्र लिहिलंत असं मला वाटतं, ते. “मी घरात पैसा आणत नाही, निदान वाचवते तरी.”

रोज दीड तास म्हणजे महिन्याला पंचेचाळीस तास. बिलामागे ऐंशी रुपये खरे वाचतात आणि महिन्याला अशी चार बिलं होतात असं धरलं, तर तीनशे वीस. तासाला सात रुपये पडले. अकाउंट्सवाल्या बाईने स्वतःला इतकं स्वस्त कधी लावलं? आणि ही स्वस्ताई कूपनांच्या आधीची आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्या बिनपगारी कामात जाणारा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाला, ते करणाऱ्या पुरुषांचा ९७. जानेवारी २०२१ मध्ये अपघात-भरपाईच्या एका खटल्यात गृहिणीच्या कामाचं मोल धरलं पाहिजे असं सांगताना सर्वोच्च न्यायालयाने हेच आकडे समोर ठेवले. तुमच्या घरचे तीनशे मिनिटं तुम्ही वहीत लिहीत नाही, कारण त्यावर कुणी ‘वाचवलेत!’ छापून देत नाही. मॉलचं बिल छापून देतं. घरात कुणी शाबास म्हणत नसेल तर बिलाचं म्हणणं गोड लागणारच, यात तुमचं काही चुकलेलं नाही.

मिस्टरांचा विनोद तुम्हाला लागतो. पत्रात तुम्ही तो दोनदा लिहिलाय आणि दुसऱ्यांदा खोडून पुन्हा लिहिलाय. मग त्यांना सांगा. मुलं झोपल्यावर, दोघंच असताना, वही पुढे ठेवून. “हा मागच्या वर्षीचा किराणा, हा या वर्षीचा. आणि तुम्ही धंदा म्हणता ते मला आवडत नाही.” बेरीज या वर्षीची जास्त निघाली तरी दाखवा. लपवलीत तर तीच पुढचं वर्षभर बोचेल.

धाकटा आता शाळेत जायला लागला असेल. तुमची ती रकाने आखलेली, रोजच्या रोज भरलेली वही बघून मला राहून राहून वाटलं की या बाईला कूपनांची हौस नाही, हिला लेजर आठवतंय. सकाळचे दोन-तीन तास कुणाचे तरी हिशेब लिहायचं काम राजारामपुरीत, शाहूपुरीत मिळण्यासारखं असतं, छोट्या दुकानदारांना जीएसटीचं कागदपत्र बघणारं माणूस हवंच असतं. तुमच्या काकांना विचारलंत तरी चालेल, नाव सुचवतील एखादं. इच्छा नसेल तर नका करू. घरी राहायचं तर तेही ठरवून राहा, त्याची भरपाई म्हणून केचप आणायची गरज नाही.

सात अधिक दोन अशा नऊ बाटल्यांचं काय करायचं ते सोपं आहे. दोन ठेवा, बाकीच्या गल्लीतल्या तालमीत देऊन टाका, मोठा हॉल असतो, दोन महिन्यांत संपवतील. ओट्स भाजून, जाडसर वाटून ज्वारीच्या पिठात मिसळा आणि कांदा, कोथिंबीर, चटणी जरा सढळ हाताने घालून थालीपीठ लावा. आत ओट्स आहेत हे मुलांना सांगू नका. सासूबाईंना सांगा, त्या कुणाला बोलणार नाहीत.

आणि संध्याकाळी काकांच्या दुकानावरून जाणारच असाल तर एक किलो शेंगदाणे आणा. ऑफर विचारू नका.